करंट बघा, मग पार्ट बदला

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

हल्ली जुनी गाडी चालू झाली नाही की जो तो पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर घसरतो. टपरीवर तेच, व्हॉट्सअॅपवर तेच, पेपरातल्या पत्रांमध्ये पण तेच. मला इथेनॉलची वकिली करायची नाहीये, पण माझ्या खिशातून यंदा जे दोन हजाराच्या वर गेले ते इथेनॉलमुळे नाही तर अंदाजाने पार्ट बदलण्यामुळे गेले, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे वडिलांची १९९९ ची स्प्लेंडर आहे. आम्ही चिपळूणला राहतो, इथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. जूनच्या शेवटी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी गाडी चालूच होईना. चोक दिला, किका मारल्या, पायाची वाट लागली, शेवटी उतारावर ढकलून पण बघितलं, हूं नाही की चूं नाही. ढकलत गॅरेजला नेली. मेस्त्रीने बघितल्या बघितल्या सांगितलं, बॅटरी गेलीय. नवीन बॅटरी टाकली, तासाभराने किक मारली, गाडी चालू! आपण खूश. चार दिवसांनी परत पाऊस, परत तेच. या वेळी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला आणि वर "पेट्रोलमध्ये काय राहिलंय काका आता" हे पण ऐकवलं. दुपारी गाडी चालू. तिसऱ्यांदा सीडीआय (प्लगला ठिणगीसाठी करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलला, दुपारी चालू. चौथ्यांदा तो म्हणाला मॅग्नेटमधली (इंजिन फिरलं की वीज तयार करतो तो भाग) कॉईल बदलावी लागेल, तेव्हा मात्र मी गाडी घरी आणली.

आता गंमत बघा. या जुन्या स्प्लेंडरला किकवर चालू व्हायला बॅटरी लागतच नाही, प्लगचा करंट, म्हणजे ठिणगी, थेट मॅग्नेटमधून येतो, बॅटरी फक्त हॉर्न आणि इंडिकेटरसारख्या गोष्टींना. म्हणजे बॅटरी टाकल्यामुळे गाडी चालू झाली हे शक्यच नव्हतं. मग कशामुळे झाली? गॅरेजमध्ये पत्र्याखाली ती तासभर वाळत उभी होती म्हणून! दर वेळी मेस्त्रीने जो पार्ट टाकला त्याला श्रेय मिळालं आणि बिल मला.

आमच्या शेजारी एक रिटायर झालेले फिटर राहतात, दादा म्हणतो मी त्यांना. पुढच्या पावसात गाडी बंद असताना सकाळीच त्यांना बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा प्लग काढायला लावला. दहा किका मारून पण प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, कॉक, पाईप, कार्ब बघा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, नाहीतर चोक देऊन देऊन तुम्हीच ओव्हर केलंय, म्हणजे पेट्रोल जास्त झालंय. माझा ओला होता. मग प्लग पुसून कॅपमध्ये घातला, त्याचं बूड इंजिनच्या फिन्सला (बाहेरच्या पात्यांना) टेकवलं आणि मला किक मारायला सांगितलं (प्लगच्या भोकापासून लांब धरायचा बरं का, तिथून पेट्रोलचा फवारा येतो, ठिणगीने भडका उडेल). करंट अजिबात नाही. दादा म्हणाले, "पार्टाला हात लावू नको, आधी चावी बघू."

हेडलाईट उघडली आणि चावीच्या स्विचकडून येणारं कपलर (वायरींचा जोड) सुट्टं केलं. परत किक मारली तर निळाजर्द करंट, टकटक आवाज करत! कारण असं की या गाडीत चावी बंद केली की सीडीआयची एक वायर बॉडीला टेकते आणि करंट मरतो, तेच गाडी बंद करायचं तंत्र. माझ्या स्विचमध्ये पावसाचं पाणी शिरून आत हिरवा गंज चढला होता, त्यामुळे चावी चालू असली तरी गाडीला वाटत होतं बंदच आहे. वाळलं की बरं, भिजलं की तेच. कंपनीला दोष देऊन उपयोग नाही, पंचवीस पावसाळे काढलेला स्विच आहे तो. प्लग लावून पहिल्याच किकला गाडी चालू झाली आणि मग बंदच होईना, कारण कपलर सुट्टं, चावी फिरवून काय होणार! शेवटी ब्रेक दाबून टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडून बंद केली. स्विच खोलून साफ केला, सुकवला, वरून प्लास्टिकची पिशवी बांधतो आता. खर्च शून्य, दादांचा चहा धरून वीस रुपये.

इथेनॉलचं म्हणाल तर तो साव नाहीये. पेट्रोलमध्ये आता २० टक्के मिसळतात, या जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि वायसर त्या हिशोबाने बनवलेले नाहीत, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिना दोन महिने नुसती उभी राहिली की त्रास होऊ शकतो. पण हे बघायला पण मेस्त्री लागत नाही. कार्बच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पेट्रोलमध्ये पाणी आहे, टाकी रिकामी करा. एकसारखं स्वच्छ असेल तर निदान त्या दिवशी पाण्याच्या नावाने ओरडू नका. आणि गाडी चालू होऊन दोन किलोमीटरवर बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा, फुस्स आवाज येऊन परत चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, बाकी काही नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या गावच्यांनी लक्षात ठेवावी, २०२१ च्या जुलैच्या पुरात किती गाड्या बुडाल्या आणि पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी काय केलं तर किक मारली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉडच वाकू शकतो. आधी प्लग काढायचा, मग किक मारून पाणी बाहेर फेकायचं आणि ऑईल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर ते बदलल्याशिवाय गाडी चालूच करायची नाही.

गॅरेजवाल्यांवर माझा राग नाही, दिवसाला तीस गाड्या दारात, वेळ कुणाला आहे. पण दोन गोष्टी गिऱ्हाईकाने मागायलाच पाहिजेत: पार्ट बदलायच्या आधी प्लगचा करंट डोळ्यासमोर दाखवा, आणि काढलेला पार्ट परत द्या. मी माझा जुना सीडीआय मागायला गेलो तर मेस्त्री म्हणाला, भंगारात गेला. तो चांगला होता हे मला आता माहितीये, त्याला तेव्हाच माहिती होतं का ते मी विचारलं नाही.

आपला एक वाचक,
चिपळूण