रोज दोन ओळी

29 नोव्हेंबर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुला चक्कर आली त्याबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरवून बसलो आहे. फोनवर तू दोनदा ‘आप्पा, विषय बदला’ म्हणालीस, म्हणून पत्र. तुझ्या खोलीतल्या मुलीचा फोन आला तेव्हा मी द्राक्षबागेत होतो. विरळणीची कात्री हातात तशीच राहिली. अभ्यासिकेत खुर्चीवरून पडलीस म्हणाली, पुढचं मला ऐकूच आलं नाही. असो.

बागेला आज छाटणीनंतरचा 50 वा दिवस. थॉमसन द्राक्षांचे घड चांगले आहेत. सकाळी दव पडतंय, डाऊनी रोगाची धास्ती आहे, पण फवारण्या वेळेवर चालू आहेत. इकडची काळजी करू नकोस.

दिवाळीनंतर तुला सोडायला आलो, तेव्हा तू चहा आणायला खाली गेलीस आणि मी कॉटच्या वर चिकटवलेलं वेळापत्रक वाचलं. पहाटे 5 ते रात्री 12. राज्यघटना, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, चालू घडामोडी, सगळं रोज. आणि रोजच्या कडेला लाल पेनने ‘राहिले’. सोमवारचं मंगळवारात, मंगळवारचं बुधवारात. शनिवारच्या चौकोनात जागा पुरली नाही, तर खाली भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं होतंस. मी तेव्हा गप्प बसलो. बोलायला हवं होतं. जेवणाचा चौकोन त्यात कुठे दिसलाच नाही मला.

2023 ची गारपीट तुला फोनवरच कळली, तुझी परीक्षा चालू होती म्हणून आम्ही सगळं सांगितलं नाही. 26 नोव्हेंबरला संध्याकाळी झालं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर जाऊन बसलो तो बसलोच. 32 ओळी. काड्या मोडलेल्या, मणी फुटलेले, खाली गारांचा आणि पाल्याचा चिखल. सोसायटीचं कर्ज डोक्यात. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून केलीच नाही. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तुझी आई कात्री घेऊन आली आणि म्हणाली, ‘आज दोन ओळी. तिसरीत पाय टाकायचा नाही.’ तुझ्या बारशाच्या साडीची चिंधी फाडून तिने दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या अँगलला बांधली. चार वाजताच आम्ही चिंधीपाशी पोचलो. उजेड होता, मी तिसरी धरायला निघालो, तर तिने माझ्या हातातून कात्री काढून घेतली. घरी आलो, दोन भाकरी खाल्ल्या आणि तीन रात्रींत पहिल्यांदा झोपलो. रोज ती चिंधी दोन ओळी पुढे सरकायची. 17 दिवस लागले, एक दिवस पावसाने बुडाला. त्या वर्षी माल निम्माही निघाला नाही, हे तुला ठाऊक आहे. पण वेली वाचल्या. आज ज्या घडांची विरळणी चालू आहे, ते त्याच वेलींचे.

तेव्हा तो कागद भिंतीवरून काढ. ‘राज्यघटना संपवायची’ असं लिहू नकोस, ते कधी संपणार आणि संपलं हे कोण ठरवणार? ‘मूलभूत हक्क, कलम 12 ते 35, आणि त्यावरचे मागचे 25 प्रश्न’ असं लिही. संध्याकाळी झालं की नाही, ते कुणाला विचारावं लागणार नाही. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत काढ. पूर्वपरीक्षेत चार चुकले की एका बरोबर उत्तराचे गुण जातात, हे तूच मला शिकवलंस. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे रोज एक उत्तर हाताने लिहून बघायला हवं. एकच, पण पूर्ण. आणि ठरलेलं झालं की उठायचं. उजेड असला तरी उठायचं. जागरण करून कुणी अधिकारी झालेलं नाही, आणि तुमच्या पिढीला वाटतं की शरीर म्हणजे...

हे लिहिलं आणि थांबलो. रागावू नकोस ताई. एमपीएससीतलं मला काय कळतं, आणि तुझ्याएवढे कष्ट या घरात कुणी केले नाहीत. पाचवीत असताना डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या दिवसांत तू आमच्या मागे मागे फिरत पाढे पाठ करायचीस. 17 चा पाढा ओळीच्या त्या टोकाला पोचेपर्यंत व्हायचा. चुकलीस तर परत या टोकाला येऊन पहिल्यापासून. मजूर बायका काम थांबवून ऐकायच्या. मी पाठ फिरवून उभा राहायचो, डोळे पुसताना तुला दिसू नये म्हणून.

रिपोर्ट तू पाठवलास, हिमोग्लोबिन 8.9. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने ती अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. बघ, लिहायचं नाही म्हटलं होतं.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. पण काल तिने न विचारताच हळीव भिजवले आणि रात्री लाडू वळत बसली. मोजून 30 केलेत. गावातला टेम्पो रविवारी मार्केट यार्डात येतोय, त्याच्यासोबत डबा पाठवतो. रोज एक.

पुढच्या आठवड्यात विरळणी आटोपली की मी एक दिवस येऊन जातो. अभ्यास मोडणार नाही, खाली चहाच्या टपरीवर बसेन.

त्या दिवशी सकाळी तू काय खाल्लं होतंस, ते अजून सांगितलं नाहीस.

तुझे
आप्पा