दुसऱ्या दिवशी मासे सोडू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीवर लेख आला आहे. फोटो सुरेखच आहेत. पण 'समुद्रातले जिवंत दगड रचा' आणि 'दुसऱ्या दिवशी मासे सोडा' ही दोन वाक्ये वाचून माझा चहा निवला. ही दोन्ही कामे मी नेमकी याच क्रमाने करून बसलो आहे.

एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत मी ३२ वर्षे सहायक होतो. निवृत्तीनंतर हौसेने दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच अशी छोटी टाकी घेतली. पाणी मावते साधारण ५५ लिटर. दुकानदाराने सात किलो दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले (कदाचित आपल्याच). दगडावरचे स्पंज, किडे, शेवाळ वाटेतच मेलेले असते आणि ते पाण्यात कुजू लागते. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "यापेक्षा सुकटीचा वास परवडला, निदान ती पोटात तरी जाते."

तोवर मी दोन क्लाउनफिश सोडूनही मोकळा झालो होतो. चौथ्या दिवशी एक गेला. अमोनिया तपासायचा संच आणला तो त्यानंतर, म्हणजे वरातीमागून घोडे. परीक्षानळीतले पाणी पिवळे राहायला हवे होते, ते गर्द हिरवे झाले. खाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) ८.२ च्या आसपास असतो आणि सामू जितका वर, तितका अमोनिया माशांना जास्त विषारी. आयुष्यभर अमोनियाच्या बाटल्या भरणाऱ्याला हे आधी सुचू नये, याची लाज अजून वाटते. उरलेला मासा एका हौशी मित्राच्या चालू टाकीत नेऊन ठेवला.

दगड धुवायला काढले तेव्हा एकावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खळग्या दिसल्या. पेपर वाचायचे भिंग लावले. प्रत्येक खळगीत मध्याकडे जाणारे पातळ पडदे होते, मोजले तर सहाच्या पटीत, म्हणजे खडक उभारणाऱ्या प्रवाळाची खूण. दगड कसला, तो प्रवाळाचा सांगाडा होता. खडक उभारणारी सगळी प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरची प्रवाळे हलवायची होती, तेव्हा मुंबई महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. आणि दुकानात तीच वस्तू टबातून किलोने मिळते! दगड दुकानदाराला परत नेऊन दिले. पैसे त्याने दिले नाहीत, मीही मागितले नाहीत. पंधरा दिवसांनी त्याच टबात पोळ्याच्या नक्षीचा तो दगड पुन्हा विकायला ठेवलेला दिसला. तेव्हा वाटले, परत द्यायला नको होते.

मुळात त्या दगडात 'जिवंत' काय असते, ते लेखात सांगायला हवे होते. आपल्या कामाचे असतात ते भोकाभोकांत राहणारे जिवाणू. एका जातीचे अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. अगदी आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. या जिवाणूंना सच्छिद्र घर हवे, ते प्रवाळाचेच हवे असे काही नाही. भाजलेल्या मातीचे तयार दगड मिळतात. मी मात्र घरीच केले.

आमच्याकडे तिसऱ्यांचे कालवण झाले की शिंपल्या फेकायच्या नाहीत, असा हुकूम काढला. उकळून, वाळवून, गोणपाटात घालून हातोडीने कुटल्या. (खलबत्ता द्यायला साफ नकार मिळाला.) एक वाटा पांढरे सिमेंट, दोन वाटे चुरा, दोन वाटे जाडे मीठ, पाणी जेमतेम. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात गोळे दाबले. सिमेंट धरले की बादलीत बुडवायचे. मीठ विरघळते आणि त्याच्या जागी भोके राहतात. पण सिमेंटमधून चुना सुटतो, म्हणून रोज पाणी बदलायचे. मी आठवड्यातून एकदा वाटीभर पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून बघत असे; पाण्यात चुना असला की ते गुलाबी होते. पाचव्या आठवड्यापर्यंत वाटी गुलाबी व्हायची, आठव्या आठवड्यात दिवसभर दगड ठेवलेले पाणीही बिनरंगाचेच राहिले. मग दगड टाकीत गेले.

विरजण म्हणून मित्राच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज आणला, आणि जिवाणूंना खाऊ म्हणून एक सोललेली कोळंबी मलमलच्या फडक्यात बांधून सोडली. आधी अमोनिया चढला, तो उतरू लागल्यावर नायट्राइट चढले. दोन्ही शून्यावर यायला एकूण सहा आठवडे लागले. एवढे दिवस दिवा लावून रिकाम्या टाकीकडे बघत बसायचे. पाहुणे विचारत, मासे कुठे आहेत? उडालेल्या पाण्याची भर मात्र गोड्या पाण्यानेच करायची, कारण मीठ उडत नाही. छोट्या टाकीत मे महिन्यात हे विसरून चालत नाही.

सातव्या आठवड्यात मित्राकडचा क्लाउनफिश परत आणला. तो अजून आहे, एकटाच. माझे पांढरे दगड आठ महिन्यांनी कुठे कुठे शेवाळाने जांभळट दिसू लागलेत.

लेख मागे घ्या असे म्हणत नाही. येत्या रविवारी एक चौकट तेवढी छापावी. त्यात 'समुद्रातले' हा शब्द गाळावा आणि 'दुसऱ्या दिवशी'च्या जागी 'अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर' असे घालावे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, डोंबिवली (पूर्व)