वस्तीच्या शाळेपुढे शून्य कसलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या दोन शाळांची तुलना वाचली. गावठाणातली शाळा ‘आदर्श’, वस्तीवरची ‘पिछाडीवर’. चौकट रंगीत आणि देखणी आहे. फक्त त्यातला शिष्यवृत्तीचा रकाना भरणाऱ्याला आमची शाळा कितवीपर्यंत आहे, हे विचारायचं सुचलेलं दिसत नाही. ती चौथीपर्यंत आहे. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ मध्ये चौथीवरून पाचवीला गेली होती, आणि तुम्ही धरलेले सगळे निकाल पाचवीचे. मग वस्तीपुढे शून्य नाही तर काय येणार?

गावठाणातल्या शाळेच्या नावावर जी शिष्यवृत्तीधारक मुलं मोजलीत, त्यात माझी मुलगी आहे. चौथीपर्यंत ती वस्तीवर शिकली. जूनमध्ये दाखला घेऊन गावात गेली, फेब्रुवारीत परीक्षेला बसली. तिथल्या गुरुजींनी मेहनत घेतली, नाही म्हणत नाही. पण पाया आमच्या बाईंचा. एकट्या बाई, चार वर्ग, एक खोली. फळ्यावर मधोमध खडूची रेघ. डावीकडे चौथीचा भागाकार, उजवीकडे दुसरीची हातच्याची बेरीज. माझी पोरगी दुसरीत असताना आपलं उरकून डावीकडचंच बघत बसायची. बाईंनी कधी हटकलं नाही. उलट चौथीची पोरं अडली तेव्हा खडू तिच्याच हातात दिला! हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं, तेवढं कळवावं.

साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक हवेत, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आमचे दुसरे गुरुजी बदलीवर गेले, ती जागा अजून रिकामीच. उरलेल्या बाईंच्या मागे मतदार याद्या, ऑनलाइन माहिती आणि केंद्रावरच्या बैठका. तुमचे प्रतिनिधी आले त्या दिवशी बाई बैठकीलाच गेल्या होत्या आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी पोरांकडून पाढे म्हणून घेत होत्या. तुम्ही छापलंत, ‘शिक्षिका अनुपस्थित’. धन्य!

‘डिजिटल सुविधा नाही’ हेही धादांत खोटं. आम्ही लोकवर्गणीतून टीव्ही घेतलाय. बिल थकलं म्हणून वीज तोडली, त्यामुळे तो सध्या चादरीखाली आहे. शाळेनं वीजबिल कुठून भरायचं, एवढं जरी विचारलं असतंत तरी खरी बातमी मिळाली असती.

राहिला पट. तो घटतोय म्हणता, पण ऐन पहिलीच्या प्रवेशाच्या दिवसांत ‘पिछाडीवर’ असं वाचल्यावर कोणता बाप पोराला तिथे घालेल? त्यातून पान उलटलं की तालुक्याच्या इंग्रजी शाळेची अर्धं पान जाहिरात: ‘प्रवेश सुरू, घरापर्यंत बस’. योगायोग असेल. त्या शाळेत किती शिक्षक, त्यांचं शिक्षण काय, याची चौकट मात्र तुमच्या अंकात कधी पाहिली नाही.

निदान शिष्यवृत्तीचा रकाना तरी दुरुस्त करून छापावा. आणि नेहमीसारखी आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळींची दिलगिरी नको. चौकट होती तिथेच, तेवढ्याच अक्षरात हवी.

आपला,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
(नाव-गाव छापू नये. मला काही नाही, बाईंना उगाच नोटीस यायची.)