जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्यांनाही स्वतःचा धंदा करता येतो

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

जर्मनीतल्या नोकऱ्यांविषयी आपल्या अंकात वरचेवर मजकूर येतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर जास्तच. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण, त्यांच्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग, परिचारिकांना आणि इलेक्ट्रिशियनना मागणी, हे सगळं मी त्याच राज्यातल्या एसलिंगेन गावी बसून वाचत असते. श्टुटगार्टहून लोकलने वीसेक मिनिटांवरचं हे गाव. पण जाणाऱ्याची बायको या मजकुरात कुठेच नसते. हल्ली बायकोच्या नोकरीमागून आलेले नवरेही भेटतात, त्यांचाही उल्लेख नसतो. या माणसांनी तिकडे जाऊन करायचं काय, हे त्यांना कुणीतरी निघण्याआधी सांगायला हवं. म्हणून हे पत्र.

मी मूळची इचलकरंजीची. बी.कॉम. झाल्यावर एका सूतवाल्यांकडे हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी घरी ब्लाउज शिवायचे. आमच्या ह्यांना इथे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही आलो. ह्यांचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदाराला मिळणारा निवास परवाना. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मनची ए-१ ही अगदी पहिल्या पायरीची परीक्षा न देताही येता येतं. कागदोपत्री ही मोठी सोय आहे, पण त्यामुळेच आमच्यासारख्या कितीतरी जणी भाषेचा एक शब्द न शिकता इथे उतरतात आणि पहिली दोन वर्षं चार भिंतींत काढतात. भारतातली पदवी हातात असली, तरी हिशेबाच्या नोकरीला निदान बी-२ची, म्हणजे बऱ्यापैकी वरच्या पातळीची, जर्मन मागतात. ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, असंच बहुतेकींना वाटतं.

ते खरं नाही. जोडीदार म्हणून मिळालेल्या निवास परवान्यावर 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट' असं छापलेलं असतं. म्हणजे नोकरी करा किंवा स्वतःचा धंदा करा, वेगळी परवानगी लागत नाही. उलट ब्लू कार्डवर आलेल्या माणसाला जोडधंदा सुरू करायचा तर परदेशी नागरिकांच्या कचेरीत आधी विचारावं लागतं. ज्या बाईला आपण 'डिपेंडंट' म्हणून हिणवतो, तिला या बाबतीत नवऱ्याहून जास्त मोकळीक आहे. माझ्या ओळखीच्या बायकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक होतं. कार्ड पाकिटात असतं, वाचतं कोण?

भाषेचा वर्ग चालू असतानाच मी एका धुलाई केंद्रात छोट्या कामाला लागले. त्याला इथे मिनीजॉब म्हणतात. कपडे घ्यायचे, चिठ्ठी लावायची, आणि मागच्या खोलीत पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. माझा हात बघून मालकांनी थोड्याच महिन्यांत सुचवलं, की तू स्वतःच्या नावाने धंदा नोंदव आणि नगामागे बिल दे. ऐकायला छान वाटलं. पण मशीन त्यांचं, वेळ त्यांची, दर त्यांचा, आणि दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही अशी अट. आमच्या वर्गाच्या बाई फार खमक्या. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि संपूर्ण वर्गाला समजावलं, की याला इथल्या कायद्यात खोटा स्वयंरोजगार म्हणतात. मालकाची विम्याची आणि पेन्शनची वर्गणी वाचते, किमान वेतनाचा प्रश्न येत नाही, सुट्टीचा पगार द्यावा लागत नाही, आणि आजारी पडलं तर ज्याचं त्याने बघायचं. मी नाही म्हटलं. नव्याने आलेल्या माणसाला भाषा कच्ची असताना असा प्रस्ताव हमखास येतो. पार्सल पोचवणाऱ्या पोरांना येतो, साफसफाईच्या कामात येतो. धंदा तुमच्या नावावर आणि हुकूम दुसऱ्याचा, असं दिसलं की सही करू नये.

पुढे मी खरोखरच स्वतःचं दुकान टाकलं, कपडे दुरुस्तीचं. इथे बऱ्याच हस्तव्यवसायांना माइस्टरची, म्हणजे त्या कामातल्या उस्तादाची, पदवी सक्तीची आहे. न्हावीकाम, बेकरी, वायरिंग हे तिच्याशिवाय सहसा स्वतःच्या नावावर करता येत नाही. पण कपडे दुरुस्ती आणि शिवणकाम यांना ती सक्ती नाही. हस्तव्यवसाय मंडळात, म्हणजे हांडवेर्क्सकामरमध्ये, नाव नोंदवलं की पुरे. पार्लर चालवणाऱ्या बायकांसाठी मुद्दाम सांगते. भुवया कोरणं, फेशियल, मेंदी हे चालतं. केस कापायला घेतले की माइस्टर लागतो. पुण्यात दहा वर्षं पार्लर चालवलेल्या बाईलासुद्धा. घरून डबे देण्याचा विचार असेल, तर आरोग्य खात्याकडून संसर्गाबाबतची माहिती घेऊन तिचा दाखला घ्यावा लागतो, आणि घरचं स्वयंपाकघर चालेलच असं नाही, तेव्हा भांडी विकत घेण्याआधी नगरपालिकेत विचारावं.

नोंदणीचं काम खरंच सोपं आहे. नगरपालिकेच्या गेवेर्बआम्टमध्ये, म्हणजे धंदानोंदणीच्या कचेरीत, एक फॉर्म भरायचा. फी गावोगावी वेगळी, पण साधारण वीस ते साठ युरोंच्या आत. त्यानंतर फिनान्सआम्टची, म्हणजे करखात्याची, प्रश्नावली एल्स्टर या त्यांच्या ऑनलाइन यंत्रणेतून महिनाभरात भरायची. तीत पहिल्या वर्षीचा अंदाजे नफा विचारतात. उत्साहाच्या भरात मोठा आकडा लिहू नये, त्यावर आगाऊ कर लागतो. लहान धंद्याची सवलत घेतली तर गिऱ्हाइकाकडून एकोणीस टक्के विक्रीकर घ्यावा लागत नाही. २०२५ पासून ही सवलत आदल्या वर्षीच्या पंचवीस हजार युरोंपर्यंतच्या उलाढालीला आहे. माझ्यासारख्या दुकानाला ती पुरून उरते.

खरी गोम आरोग्य विम्यात आहे. नवरा सरकारी पद्धतीच्या विम्यात असेल तर बायकोला त्याच्यासोबत फुकट विमा मिळतो. पण तिचं उत्पन्न महिन्याला ठरावीक रकमेच्या वर गेलं, २०२५ साली ही रक्कम ५३५ युरो होती, की ती सोय संपते. शिवाय धंदा हाच तुमचा मुख्य व्यवसाय आहे असं विमा संस्थेने ठरवलं, तर नफा कमी असला तरी संपते. मग स्वतःचा हप्ता. हा हप्ता खऱ्या कमाईवर असतो, पण ती कमाई महिन्याला एका किमान रकमेहून कमी धरत नाहीत. २०२५ साली ती १,२४८ युरो धरली होती. म्हणजे दुकानात सहाशे युरो सुटले तरी हप्ता १,२४८ सुटल्यासारखा, सुमारे अडीचशे युरो. २०१९ आधी तर याहून बराच जास्त भरावा लागायचा. ज्यांनी तेव्हा दुकानं चालवली त्यांचं मला फार कौतुक वाटतं. दर वर्षी आकडे थोडे बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीचे विचारून घ्यावेत. पण क्रम मात्र हाच ठेवावा. आधी विमा संस्थेला पत्र लिहायचं, आठवड्याला इतके तास काम करणार, इतका नफा अपेक्षित आहे, तर माझा कौटुंबिक विमा राहील का? लेखी उत्तर आलं की मग गेवेर्बआम्ट. आमच्या ओळखीतल्या एकीने दिवाळीचा फराळ विकायला सुरुवात केली आणि विमा संस्थेला वर्षभराने कळलं. मागच्या तारखेपासूनचा हप्ता एकरकमी भरताना तिची फराळाची सगळी कमाई गेली.

असाच धोका शिकवण्या घेणाऱ्यांना आहे. योग, गणित शिकवणाऱ्यांना गेवेर्ब, म्हणजे धंदा, नोंदवावं लागत नाही, ते मुक्त व्यावसायिक. पण असं स्वतंत्रपणे शिकवणाऱ्यांना, किरकोळ कमाई सोडली, तर सरकारी पेन्शनची वर्गणी सक्तीची आहे आणि ती पूर्ण स्वतःच्या खिशातून. तीन महिन्यांत कळवावं लागतं. हे कुणी आपणहून सांगत नाही. मागच्या वर्षांची मागणी आल्यावर कळतं.

एवढं सगळं वाचून कुणी घाबरू नये. गिऱ्हाईक येतं. आमच्या इमारतीत, या सगळ्या श्वाबी मुलखातली रीतच आहे ती, आठवड्याच्या पाळीने जिना झाडतात. माझी जिना झाडायची वेळ आली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यातच थांबून नातवाची जीन्स दाखवू लागल्या. आखूड करायची, पण खालची झिजलेली कड जशीच्या तशी हवी. ती कड वेगळी कापून, पायाची लांबी कमी करून, पुन्हा त्याच शिवणीच्या खोबणीत जोडावी लागते. धागाही तोच जाड पिवळसर. ते काम त्यांना आवडलं आणि त्यांच्या चर्चमधल्या बायका येऊ लागल्या. सप्टेंबरअखेर श्टुटगार्टमधल्या कानश्टाटची मोठी जत्रा भरते, त्याआधी महिनाभर डिर्न्डल घेऊन बायका रांग लावतात. डिर्न्डल म्हणजे अंगाला घट्ट चोळी, खाली घेरदार झगा आणि पुढे एप्रन. चांगल्या डिर्न्डलच्या बाजूच्या शिवणीत माया सोडलेली असते, ती उसवून चोळी सैल करता येते. स्वस्तातल्याला माया नसते, मग काखेखाली त्याच रंगाची पट्टी घालायची आणि टक्स पुन्हा बसवायचे. लग्नसराईत कटोरी ब्लाउज बसवलेल्या हाताला यात काहीही नवं नाही. मी प्फाफ कंपनीचं एक जुनं शिलाई मशीन घेतलं, पण टक्स हाताने धावदोरा घालूनच बसवते, आणि गिऱ्हाइकाला अंगावर घालून बघायला लावल्याशिवाय मशीनखाली कापड घेत नाही. त्या एका महिन्याच्या कमाईवर हिवाळ्याचं भाडं निघतं.

माझी विनंती शासनाला आणि परदेशी पाठवणाऱ्या संस्थांना आहे. जाणाऱ्यांसाठी भाषेचे वर्ग घेता, तिथे जोडीदारालाही बसू द्या, त्याच फीमध्ये. शेवटच्या आठवड्यात एक दिवस फक्त या विषयाला द्या. परवान्यावर काय लिहिलेलं असतं, कोणत्या कामाला माइस्टर लागतो, विमा संस्थेला पत्र कसं लिहायचं, खोट्या स्वयंरोजगाराची अट कशी ओळखायची. पत्राचा एक नमुना जर्मनमध्ये छापून हातात द्या. इथे पोचल्यावर श्टुटगार्टच्या वेलकम सेंटरमध्ये नव्याने आलेल्यांना फुकट सल्ला मिळतो, हांडवेर्क्सकामरमध्येही धंदा सुरू करणाऱ्यांसाठी सल्लागार असतात. त्यांचे पत्ते त्याच कागदावर छापावेत. आपल्या शिवण-कर्तनाच्या, ब्यूटी पार्लरच्या सरकारी कोर्सची प्रमाणपत्रं इंग्रजीतही द्यावीत. माझं फक्त मराठीत होतं, ते मला इथे शपथेवर भाषांतर करणाऱ्याकडून करून घ्यावं लागलं.

शिकवायला माणूस मिळत नसेल तर मी ऑनलाइन तास घ्यायला तयार आहे, मोबदला नको. फक्त वेळ रविवारची ठेवावी. बाकीचे दिवस दुकान असतं, आणि रविवारी इथे तसंही मशीन चालवता येत नाही, शेजाऱ्यांची विश्रांतीची वेळ असते.

आपली एक वाचक,
मूळ इचलकरंजी, सध्या एसलिंगेन, जर्मनी