अण्णा, ‘हिंदू’ कपाटात कुलूपबंद केली नाहीत म्हणून

आदरणीय अण्णा,
सा. न.

तुम्ही वाचनालयातून निवृत्त झालात त्या दिवशी हार, नारळ, भाषणं सगळं झालं, पण मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते इथे जाहीरपणे लिहितो. तुम्हाला आवडणार नाही, पण चालवून घ्या.

२०१० साली भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी आली, तेव्हा आपल्याकडे निम्म्या लोकांनी फक्त नाव वाचलं होतं. कुणी नावावर खूश, कुणी त्याच नावावर नाराज. सहाशे पानांच्या आत काय आहे याच्याशी दोन्ही गटांना देणंघेणं नव्हतं. ‘असलं पुस्तक अनुदानाच्या पैशातून कशाला?’ असं एका सभासदानं विचारलं, तेव्हा तुम्ही दाखल नोंद रजिस्टर मिटलंत आणि म्हणालात, “घरी न्या, वाचा, मग लेखी तक्रार द्या. मी कमिटीपुढे ठेवतो.” ती तक्रार कधी आलीच नाही. पुस्तक मात्र खाकी कव्हर घालून देवघेवीच्या टेबलावर, सगळ्यांच्या हाताशी राहिलं.

मला नेमाड्यांचा राग होता, अजूनही थोडा आहे. साहित्य संमेलनाला नावं ठेवायची, लेखकाचा ‘लेखकराव’ होतो म्हणून टोचायचं, कादंबरीपुढे कथेला दुय्यम ठरवायचं, इंग्रजी शाळा बंद करा म्हणायचं. पुढे ज्ञानपीठ जाहीर झाल्यावर ते रश्दी-नायपॉलवर घसरले आणि रश्दींनी ट्विटरवर उलट सुनावलं, की बक्षीस घे आणि नीट आभार मान! (आभार मानायची वेळ माझ्यावर आली, ते निराळं.) हा सगळा राग मी तुमच्या टेबलाशी ओकायचो. तुम्ही वाद घातला नाहीत. “तो बोलतो ते वेगळं, लिहितो ते वेगळं. आधी शंभर पानं वाच,” एवढंच म्हणालात.

ती शंभर पानं मला जड गेली. १९६३ साली पंचविशीत ‘कोसला’ लिहिणाऱ्या माणसाकडून लोकांना ‘कोसला’च्या नायकासारखा दुसरा पांडुरंग सांगवीकर हवा होता, मलाही. सत्तरी ओलांडलेल्या नेमाड्यांनी तो दिला नाही. त्यांचा खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक, मोहेंजोदडोच्या उत्खननावर. तिथून वडिलांच्या ओढीनं तो मोरगावला निघतो आणि कथानक सरळ पुढे जायचंच नाकारतं. आठवणीतून आठवण, भाऊबंदकी, मयत, शेती, बायकांची दुःखं, हडप्पा, सगळं एकात एक. एवढं नाव झालेला लेखक एवढी जोखीम कशाला घेईल? वाचक अर्ध्यात पुस्तक ठेवून देईल, हे त्यांना कळत नसेल असं वाटत नाही.

मी ते ठेवून दिलं नाही, ते तुमच्यामुळे. नावं लक्षात राहत नाहीत अशी मी कुरकुर केली, तर तुम्ही मागच्या कव्हरला आतून एक आखीव कागद चिकटवलात आणि वर लिहिलंत: ‘माणसं’. ज्यानं पुस्तक नेलं त्यानं भर घालायची. आज त्या कागदावर पाच-सहा हस्ताक्षरं आहेत. कुणी नात्यांच्या रेघा ओढल्यात, कुणी एका नावापुढे पेन्सिलीनं ‘हा मेला, मागे बघा’ लिहिलंय. एका बाईंनी तर ‘हिच्यावर लेखकानं अन्याय केला’ असं ठणकावलंय. समीक्षेचे जाडजूड ग्रंथ वाचूनही मला एवढी मजा आली नव्हती.

मुदत संपली की शिक्का मारून परत माझ्याच हातात द्यायचात, दंड न घेता. नियमात बसत नव्हतं ते, मला ठाऊक आहे. आता निवृत्त झालात, सांगायला हरकत नाही.

पुस्तक संपल्यावर माझी तक्रार कायम होती, की मधला बराच भाग लेखकानं कापायला हवा होता. तुमचं म्हणणं, मग ‘अडगळ’ कशाला म्हणाला असता? यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. पण कथेच्या बाबतीत तुम्हीही नेमाड्यांचीच री ओढता, ते मला मुळीच मान्य नाही. जी. ए. कुलकर्णी आणि बाबुराव बागूल यांच्या कथा घेऊन रविवारी घरी येतो. वहिनींना चहाचं आधीच सांगून ठेवा, वेळ लागेल.

आपला,
एक जुना सभासद