वहिनींच्या नावाचा अन्ननिधी : माजी विद्यार्थ्यांना आणि गावकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

येत्या ३० मार्चला आपल्या वहिनींचा, म्हणजे रयतमाऊली लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचा स्मृतिदिन. दरवर्षीप्रमाणे सकाळी वसतिगृहात प्रतिमापूजन होईल आणि दुपारी सगळ्यांची एकच पंगत बसेल. यंदा मात्र निमंत्रणासोबत एक मागणेही आहे. ते आडवळणाने न मांडता सरळ लिहावे असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले, म्हणून हे पत्र. वहिनी गेल्या १९३० साली. २०३० ला त्यांना जाऊन शंभर वर्षे होतील. त्याआधी आपल्या अन्ननिधीची कायम ठेव एवढी व्हावी की मेसचे पैसे भरणे ज्यांना जमत नाही अशा मुलामुलींचे दोन वेळचे जेवण नुसत्या व्याजावर भागेल आणि दर जून महिन्यात आम्हाला झोळी घेऊन निघावे लागणार नाही.

वहिनी कोण, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना सांगायला नको. पण वसतिगृहात आता जी मुले येतात त्यांना भोजनगृहातला फोटो माहीत आहे, त्या फोटोतली बाई माहीत नाही. त्यांच्यासाठी थोडे लिहितो.

४ ऑक्टोबर १९१९ ला काले गावी अण्णांनी, म्हणजे वहिनींचे पती कर्मवीर भाऊराव पाटील यांनी, रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला बिऱ्हाड साताऱ्यात आले आणि बोर्डिंग सुरू झाले. सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहणार, एका पंगतीत जेवणार, हे त्या काळात किती लोकांच्या पोटात दुखले असेल याची कल्पना आज येणार नाही. अण्णा एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले. माणसे जोडायची विद्या त्यांच्या अंगात होती. बोर्डिंगसाठीही ते सतत फिरतीवरच असत. मागे घर, मुले, कोठी, आजारपणे, भांडणे, सगळे वहिनींवर. जैन घरातल्या कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती बाई. सुरुवातीला मनाला किती मुरड घालावी लागली असेल ते त्यांनाच ठाऊक. पण एकदा ती पोरे आपली म्हटल्यावर त्यांनी पोटच्या लेकरात आणि त्यांच्यात फरक केला नाही. कोणाचा ताप उतरला नाही, कोण घरच्या आठवणीने जेवला नाही, हे त्यांना न सांगता कळे. मुलांसाठी त्या वहिनीच होत्या, नात्याने आणि हक्काने.

कोठीत धान्य यायचे ते मुष्टिफंडातून. गावातल्या बायका स्वयंपाकाला बसण्याआधी एक मूठ बाजूला काढून ठेवत, बोर्डिंगची मुले फिरून ती गोळा करून आणत. ते पुरेना तेव्हा वहिनींच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. आणि अण्णा गावाला गेलेले असताना एक दिवस असा आला की कोठीत काही उरले नाही, मुले उपाशी राहायची वेळ आली. वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. त्या काळच्या सवाष्ण बाईने, नवरा घरी नसताना. त्या दिवशी पोरे जेवली.

मंगळसूत्राची गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितली जाते आणि सांगितलीच पाहिजे. पण माझ्या मनाला त्याहून जास्त लागते ती त्याआधीची वर्षे. रोज पहाटे उठून एवढ्या पोरांच्या खाण्याची तजवीज करायची, तीही दुसऱ्या दिवशीचे धान्य कुठून येणार हे माहीत नसताना. भाषणांत ते येत नाही, कारण त्यात सांगण्यासारखा प्रसंग नाही. आपला अन्ननिधी आहे तो त्या रोजच्या कामासाठी.

२५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींच्या हस्ते बोर्डिंगचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले, ते वहिनींच्या हयातीत. पुढचे काही त्यांनी पाहिले नाही. १९३५ चे ट्रेनिंग कॉलेज नाही, १९४० चे महाराजा सयाजीराव हायस्कूल नाही, १९४७ चे छत्रपती शिवाजी कॉलेज तर नाहीच. अण्णा १९५९ पर्यंत होते, त्यांना वटवृक्ष फोफावलेला बघता आला. वहिनींनी फक्त मुळाशी पाणी घातले. आज आपल्यातले कोणी मुख्याध्यापक आहेत, कोणी पोलीस खात्यात, कोणी एसटीत, कोणी परदेशात. आपण सगळे तिथलेच.

आता आपल्या संघाबद्दल. संघ सुरू झाला तेव्हा आमच्याकडे पावतीपुस्तक छापायलाही पैसे नव्हते. पेठेतल्या किराणा दुकानाच्या शेठजींनी पहिले पुस्तक स्वतः छापून दिले आणि पहिली पावतीही स्वतःच्याच नावाने फाडली. त्यांच्या दुकानातून आजतागायत डाळ आणि तेल खरेदीच्या भावात येते. त्यांच्या मुलानेही ती रीत मोडलेली नाही. आपले निवृत्त गुरुजी दर महिन्याला पेन्शन झाली की बँकेतून थेट कार्यालयात येतात. पावती घेतात, चष्मा काढून ती नीट वाचतात, घडी करून खिशात ठेवतात आणि चहा न घेताच जातात. मंगळवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आजी सांजेला उरलेली मेथी-शेपू वसतिगृहात पाठवतात. उरलेली म्हणतात खऱ्या, पण जुड्या ताज्या असतात हे आमच्या स्वयंपाकीण मावशींनी कधीच ओळखले आहे.

वाशीच्या बाजारात माथाडीत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचे उपकार तर विसरता येणार नाहीत. करोनानंतर वसतिगृह पुन्हा उघडले तेव्हा कितीतरी मुलांच्या वडिलांची मुंबईतली कामे सुटलेली होती. माण-खटावकडच्या पोरांच्या घरी तर पावसानेही दगा दिलेला. त्या दिवसांत वाशीहून कांदा-बटाट्याची पोती गावाकडे येणाऱ्या टेम्पोत टाकून आली, भाड्यासकट. ज्यांनी ती पाठवली त्यांनी स्वतः त्या वर्षी किती दिवस काम न मिळता काढले होते ते आम्हाला मागाहून कळले.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा. पलीकडच्या वाडीतल्या दोघा भावांची आई वारली. तेराव्याला गावजेवण घालायचे ठरले होते. धाकट्याने विचारले, आईने आयुष्यभर दारात आलेल्याला उपाशी पाठवले नाही, मग जेवण पोटभरल्यांना का घालायचे? तेराव्याचे विधी साधेपणाने झाले आणि बाकीचा सगळा खर्च अन्ननिधीत जमा झाला. शिवाय एक मोठे पितळी पातेले आले, त्याच्या काठावर आईचे नाव कोरलेले. आमटी आजही त्याच पातेल्यात होते. वाढपाची पाळी असलेल्या मुलांना त्या आजींचे नाव पाठ आहे. त्यानंतर गावात हळूहळू ही पद्धत रुळली. कोणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला, कोणी मावशीच्या आठवणीत, तर एका बहिणीने लहानपणीच गेलेल्या भावाच्या नावाने एक दिवसाची पंगत दिली. ज्याच्या घरात असे एखादे देते माणूस होऊन गेले त्याला वहिनी वेगळ्या समजावून द्याव्या लागत नाहीत.

आता मनातले थोडे लिहितो, रागावू नये. गेल्या स्मृतिदिनाला निमंत्रणे घरोघर पोचवली होती. स्वयंपाक सर्वांचा केला होता. पंगतीत वसतिगृहाची मुले होती, भाजीवाल्या आजी होत्या, गुरुजी होते. ज्यांची वाट पाहत होतो त्यातले फार थोडे आले. त्याआधीच्या वर्षी एका मान्यवरांनी व्यासपीठावरून मोठी रक्कम जाहीर केली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्यांच्या शब्दावर आम्ही वर्षाचा गहू भरून घेतला. ती रक्कम आली नाही. उधारी कार्यकारिणीतल्या सदस्यांनी खिशातून फेडली, त्यातल्या एकाच्या घरी मुलीचे लग्न होते. नाव घेणार नाही, वहिनींच्या कामात कोणाला कमीपणा आणायचा नाही. मोबाइलवरच्या आपल्या गटात आवाहन टाकले की जोडलेल्या हातांच्या रांगा लागतात, ‘विनम्र अभिवादन’ लिहून येते. ते खरेच मनापासून असते हे मी मानतो. पण अभिवादनानंतर दोन मिनिटे काढून निधीकडेही पाहावे एवढीच अपेक्षा आहे. ज्या मेसमध्ये आपण वाढलो तिथे आज एखादी मुलगी महिन्याचे पैसे थकले म्हणून जेवायला खाली येत नाही, भूक नाही म्हणून सांगते, हे आपल्याला चालणार आहे का? असे या पावसाळ्यात घडले. रेक्टर मॅडमच्या लक्षात आले म्हणून बरे. शिष्यवृत्ती येते तेव्हा वर्ष संपत आलेले असते, आणि भूक काही तोपर्यंत थांबत नाही.

यंदा निधीतून जेवणारी मुले गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहेत आणि ठेवीवरचे व्याज जेमतेम दिवाळीपर्यंत पुरले. मूळ ठेवीला हात लावायचा नाही हा आपला पहिल्यापासूनचा नियम. तो मोडायची पाळी आणू नये, ही हात जोडून विनंती.

व्यवहाराचे मुद्दे थोडक्यात : एका विद्यार्थ्याचे महिन्याचे जेवण सध्या २,४०० रुपयांत बसते, ज्यांना शक्य आहे त्यांनी एका मुलाचे पूर्ण शैक्षणिक वर्ष उचलावे, इतरांनी महिना, आठवडा, जमेल ते, ५१ रुपयांचीही पावती मिळेल. आपल्या माणसाच्या स्मृतीला पंगत द्यायची असल्यास किमान आठ दिवस आधी कळवावे, म्हणजे स्मरणवहीत नाव व तिथी नोंदवून त्या दिवशी मुलांना त्या व्यक्तीबद्दल दोन शब्द सांगता येतील. फोटो असल्यास द्यावा, परत मिळेल. संघाला कलम ८०-जी ची मान्यता आहे, मात्र २,००० रुपयांवरील रोख देणगीस आयकरात वजावट मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून पाठवावी व पॅन क्रमांक कळवावा; नव्या करप्रणालीत ही वजावट नाही हेही लक्षात असावे. खात्याचा तपशील कार्यालयाच्या फलकावर व गटावर आहे, दुसऱ्या कोणत्याही क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. कार्यालय सायंकाळी ५ ते ७, रविवारी बंद. हिशेब लेखापरीक्षकांनी तपासलेला असून कोणीही येऊन पाहावा. पैसे शक्य नसतील त्यांनी सुट्टीच्या दिवशी पोरांचा अभ्यास घ्यायला यावे, त्याचीही फार गरज आहे. मुष्टिफंडाचे डबे पुन्हा सुरू करतोय; ज्या भगिनींना घरी डबा ठेवायचा आहे त्यांनी स्वयंपाकीण मावशींकडे नाव द्यावे, दर शनिवारी मुले येऊन धान्य घेऊन जातील.

३० मार्चच्या पंगतीला येणाऱ्यांनी २७ तारखेपर्यंत संख्या कळवावी. येताना मुलाबाळांना घेऊन यावे. ज्वारी, गहू, तांदूळ देणाऱ्यांनी कट्टा आदल्या दिवशी कोठीवर पोचता करावा, ओले धान्य आणू नये, पोत्यावर नाव-गाव लिहावे आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.

आपला नम्र,
सचिव, माजी विद्यार्थी संघ
(कार्यकारिणीच्या वतीने)