वसंतास पत्र: मोतीबिंदू आत्ता काढायचा का?

प्रिय वसंत,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि रिपोर्टचा फोटो मिळाला. उजवा डोळा ६/१८ (म्हणजे धडधाकट डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते तुला सहावरून), डावा ६/९, दोन्हीकडे मोतीबिंदू आणि खाली एका ओळीत ऑपरेशनचा सल्ला. करू की थांबू, असं तू विचारतोस. अरे, आपल्या वयात थोडाफार मोतीबिंदू बहुतेकांना असतोच. तो आहे म्हणून काढायचा असं नसतं. तुझं कुठलं काम अडतंय आणि ते मोतीबिंदूमुळेच अडतंय का, एवढंच बघायचं.

यातलं दुसरं आधी घेतो, कारण फसगत तिथे होते. एका पुठ्ठ्याला साधारण एक मिलिमीटरचं भोक पाड. रोजचा चष्मा लावून डावा डोळा झाक आणि उजव्याने त्या भोकातून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघ. आकडे एकदम ठसठशीत झाले, तर बराचसा दोष चष्म्याच्या नंबरचा आहे. तुझा उजवा नंबर दोन वर्षांत -४ वरून -६ वर गेलाय, तो मोतीबिंदूचाच प्रताप. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होत जातो तसा मायनस वाढतो. म्हणून ६/१८ ही नजर जुन्या चष्म्याची की नंबर नव्याने काढल्यानंतरची, हे विचार. जुन्या चष्म्याची असेल, तर आधी नवा नंबर लावून बघ. कधीकधी त्यावर वर्षभर सहज निघतं.

भोकातून काहीच फरक पडला नाही, तर दोष भिंगात असेल किंवा डोळ्यामागच्या पडद्यात. बाहुली मोठी करून पडदा तपासल्याची नोंद मला तुझ्या रिपोर्टमध्ये कुठे दिसली नाही. ती झाल्याशिवाय तारीख घेऊ नकोस. तुला मधुमेह आहे. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर नवं भिंग घालूनही अक्षरं धूसरच राहतील, शिवाय ऑपरेशननंतर ती सूज वाढूही शकते. ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या फोटोत, ती दिसते, आणि असली तर आधी तिचा इलाज करतात. डोळ्याचं प्रेशरही मोजून घे, काचबिंदू लपलेला नको.

आता काम अडण्याबद्दल. ६/१८ हा आकडा अंधाऱ्या खोलीत, काळ्याभोर अक्षरांवर काढलेला असतो. भिंगाच्या मागच्या थरात डाग असेल तर त्या खोलीत नजर बरी येते आणि रस्त्यावर समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं. तू लिहितोस तसं दिवे 'फुटतात', हे त्याचंच लक्षण. आठवडाभर एकेक डोळा झाकून बघ: जिन्याची शेवटची पायरी, औषधाच्या पाकिटावरची तारीख, संध्याकाळी समोरच्याचा चेहरा. जे जमत नाही ते लिहून काढ आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेव. फक्त रात्री गाडी चालवणं अडत असेल आणि ते सोडणं तुला चालत असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायलाही हरकत नाही.

मात्र 'पिकू दे, मग काढू' हे कुणाचं ऐकू नकोस. ते अख्खं भिंग बाहेर काढायच्या काळातलं शहाणपण. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी फेको आणलं. आता अडीचेक मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून ओढून घेतात. भिंग जितकं कडक तितकी ताकद जास्त लावावी लागते आणि त्याचा मार बुबुळाच्या आतल्या पेशींना बसतो. त्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. फारच पिकलेलं भिंग फुगून डोळ्याचं प्रेशर एकदम चढवूही शकतं, ते वेगळंच. आणि मोतीबिंदू विरघळवणारे थेंब नाहीत, तेव्हा त्यावर पैसे घालवू नकोस.

तुझ्या बाबतीत खरी मेख नंबरची आहे. उजवा -६, डावा -४.५. उजव्यात दूरचं दिसेल असं भिंग बसवून नंबर शून्य केला, तर दोन डोळ्यांत साडेचारचा फरक पडेल. तीनच्या वर फरक गेला की चष्म्यातून दोन डोळ्यांना वस्तू लहानमोठी दिसते आणि मेंदूला ती चित्रं जुळवता येत नाहीत. मग डाव्याला कॉन्टॅक्ट लेन्स लावायची, किंवा थोड्याच दिवसांत डावाही करायचा. तिसरी वाट म्हणजे उजवा मुद्दाम -२.५ च्या आसपास ठेवायचा. तू जन्मभर चष्मा काढून वाचत आलायस. ती सोय राहील, दूरसाठी चष्मा लागेल. मला हीच वाट तुझ्यासाठी बरी वाटते. मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-दूरचं दोन्ही दाखवणाऱ्या भिंगाचा मोह आवर. त्यात रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि तुझी तक्रार मुळात दिव्यांचीच! पडद्यात दोष निघाला तर ते नकोच.

मोजणीत डोळ्याची लांबी एक मिलिमीटर चुकली तर नंबर अडीच-तीनने चुकतो. डोळे कोरडे असतील तर बुबुळाची वक्रताही चुकीची येते. तुझे सारखे चुरचुरतात, ते आधी बरे करून घे आणि मगच मोजणी.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतोस ना? ते न चुकता सांग, मध्ये बंद केलं असलं तरी. त्याने बाहुलीभोवतीचं रंगीत कडं ढिलं पडतं आणि ऑपरेशन चालू असताना बाहुली आक्रसते. डॉक्टरांना आधी ठाऊक असलं तर ते तयारीत राहतात. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नकोस. आणि उताणं, न खोकता वीसेक मिनिटं पडता येतं का, ते घरी घड्याळ लावून बघ.

धोके थोडे, पण आहेत. भिंगाची मागची पिशवी फाटणं शंभरात एखाद-दोघांना होतं. आत जंतुसंसर्ग साधारण हजारात एकाला किंवा त्याहून कमी, पण तो झाला तर नजर जाऊ शकते. मोठ्या मायनसवाल्यांत पडदा सुटायची भीती जरा जास्त. ऑपरेशननंतर दुखणं किंवा लाली वाढली, नजर उतरली, चमका किंवा काळी सावली दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे वहिनींनाही सांगून ठेव. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कधीकधी मागची पिशवी धुरकटते आणि लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. लेसरने काही मिनिटांत त्या पिशवीत वाट करतात.

पडद्याची तपासणी आणि नवा नंबर आला की फोटो पाठव. डाव्याचं तोवर काही ठरवू नकोस.

तुझा,
माधव